आजोबांची जीप विलिस की फोर्ड?

प्रश्न : आमच्या आजोबांनी सैन्याच्या लिलावात घेतलेली महायुद्धकालीन जीप साताऱ्याजवळच्या गोठ्यात अनेक वर्षे पडून आहे. ती मूळ रूपात आणण्याची माझी मनापासून इच्छा आहे. ती विलिस कंपनीची एमबी आहे की फोर्ड कंपनीने त्याच आराखड्यावर बनवलेली जीपीडब्ल्यू, हे कसे ओळखावे आणि कामाला सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १ : रेडिएटरखाली वाकून चौकटीची (चॅसिसची) पुढची आडवी पट्टी पाहावी. ती गोल नळीची असेल तर चौकट विलिसची, आणि उलट्या यू आकाराची असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बोल्टांवरही 'एफ' हे अक्षर उठवले होते. मात्र दोन्ही गाड्यांचे सुटे भाग एकमेकींना बसत असल्याने सैन्याच्या कार्यशाळांतच त्यांची सरमिसळ झाली, म्हणून एखाद्या बोल्टवरून निष्कर्ष काढू नये. रंग खरवडण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, कारण सैन्याचे जुने क्रमांक रंगाच्या थरांखालीच सापडतात आणि एकदा गेले की परत मिळत नाहीत.

प्रतिसाद २ : इंजिनाआधी ब्रेक पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. चारही चाकांना एकाच मुख्य सिलिंडरातून द्रव जात असल्याने एक नळी फुटली तरी सगळे ब्रेक जातात.

प्रतिसाद ३ : स्टार्टर (इंजिन सुरू करणारी मोटर) मंद फिरतो म्हणून अनेक जण ६ व्होल्टची यंत्रणा बदलून १२ व्होल्टची करतात, परंतु बहुधा दोष बारीक तारांचा आणि गंजलेल्या अर्थिंगचा (बॅटरी गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या जोडणीचा) असतो, जाड तारा घातल्यास मूळ यंत्रणा उत्तम चालते.

प्रश्नकर्ता : आत्ताच पाहिले, पट्टी गोल नळीची आहे!