दुसरीच्या मुलांचं वाचनाचं स्क्रीनिंग: काय घेऊ? (इंदूर, बजेट ३०००)

दुसरीच्या_बाई: ६४ मुलं. शाळा हिंदी माध्यमाची, निम्म्यांच्या घरी मराठी. दिवाळीआधी उरकायचंय.

डिजिटल_दादा: ताई, सरळ दोन टॅब घ्या. ॲप वाचन ऐकून शब्द मोजतं, मोजणीची कटकटच नाही. वीस हजारांत बसतं.

सुदामानगर: बजेट ३००० आहे हो! आणि व्हरांड्यातल्या गलक्यात टॅब शेजारच्या पोराचंही वाचन मोजतो. ८० शब्दांचा उतारा खजुरी बाजारातून लॅमिनेट करून घ्या, एकेकाकडून मिनिटभर वाचून घ्या आणि बरोबर शब्द मोजा. ६० चा घेतलात तर चांगली वाचणारी मिनिटाआधीच संपवतात. चुकलेल्या शब्दावर तिरपी रेघ. स्वतःहून सुधारला तर बरोबर धरा, ३ सेकंद अडला तर शब्द सांगा आणि चूक धरा. पहिली ओळ पूर्ण अडली तर तिथेच थांबवा, रडवू नका. निपुण भारतात (केंद्र सरकारचं वाचन-गणिताचं अभियान) दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द धरलेत. उतारा पुस्तकातला नको, पाठ असतो.

ग्वाल्हेरकर: आधी डोळे! ६ मीटरवर ई-तक्ता (वेगवेगळ्या दिशांना वळवलेल्या इंग्रजी E चा, नजर तपासायचा). दोरी मोजून गाठ मारा, पावलांनी अंतर हमखास चुकतं. डोळा तळहाताने झाकायचा. बोटांनी दाबला की त्या डोळ्याला नंतर धूसर दिसतं आणि मूल उगाच नापास. बोटांच्या फटीतून बघणारे आणखी वेगळे.

डिजिटल_दादा: डोळ्यांचंही ॲप आहे टॅबवर.

पोहे_शेव: 'डाली' कोणीच सांगितलं नाही? डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, हेरायचं साधन. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राचं, हिंदी-मराठी दोन्हीत. पहिली-दुसरीसाठी शिक्षकांनी भरायची प्रश्नावली आहे. पण त्यातून संशय कळतो, निदान नाही. प्रगतिपुस्तकात 'डिस्लेक्सिया' लिहून मोकळ्या होऊ नका.

माळवी_मराठी: मराठी घरातलं मूल हिंदी 'चमचा'तला च दंततालव्य, म्हणजे 'त्स'सारखा, म्हणतं. ती चूक धरू नका.

सुदामानगर: हिंदी शाळा आहे, चूकच.

माळवी_मराठी: वाचन तपासताय की उच्चार? हिंदीत अडलेल्यांना मराठी उतारा द्या. तिथेही अडलं तर गोची अक्षरांत. मराठी सरसर वाचलं तर हिंदी शब्दच ओळखीचे नाहीत.

नेमाने_वाचतो: हेच म्हणणार होतो. उतारा पुस्तकातला नकोच.

दुसरीच्या_बाई: डोळे आधी, मान्य. 'चमचा' माफ. अडलेल्यांना मराठी उतारा देते. टॅब नाही. उतारा मात्र पुस्तकातलाच घेतेय, शेवटच्या धड्यातला. अजून शिकवलेला नाही.

सुदामानगर: मोठ्या भावंडांचं पुस्तक घरात असतं, ताई.

दुसरीच्या_बाई: असू दे. छापायला दिलाय.