जपानी पत्त्यात रस्त्याचे नाव कुठे असते?

सप्तपर्णी: माझा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोतील एदोगावा भागात राहतो. फराळ पाठवण्यासाठी त्याने जो पत्ता कळवला आहे, त्यात वस्तीच्या नावापुढे आडव्या रेघांनी जोडलेले तीन आकडे आणि खोलीचा क्रमांक एवढेच आहे. रस्त्याचे नाव नाही, की 'देवळामागे' अशी खूणही नाही. हा पत्ता अपुरा आहे का, आणि पार्सलवर तो कोणत्या क्रमाने लिहावा?

कोबेकर: पत्ता पूर्ण आहे. जपानमध्ये क्रमांक रस्त्याला नव्हे, तर रस्त्यांनी वेढलेल्या जमिनीच्या तुकड्याला दिलेला असतो. टोकियो महानगर प्रशासनाच्या मुख्य इमारतीचा पत्ता 'निशी-शिंजुकु २-८-१' असा आहे. त्यातील २ हा त्या वस्तीचा विभाग (चोमे), ८ हा विभागातील तुकडा (बान) आणि १ हा इमारतीचा क्रमांक (गो). जपानी लिपीत सात अंकी पिनकोड, प्रांत, शहर किंवा वॉर्ड, वस्ती, आकडे, इमारत असे उतरत जाऊन शेवटी 'सामा' हा आदरार्थी शब्द जोडलेले नाव येते. रोमन लिपीत याच्या उलट, म्हणजे नावापासून सुरुवात करून शेवटी देशाचे नाव लिहावे; मात्र २-८-१ चे १-८-२ करू नये, ही चूक फार जण करतात.

सप्तपर्णी: आभारी आहे. पण तुकड्यातील पहिले घर कोणते, हे पोस्टमनला कसे कळते?

नकाशावेडा: १९६२ च्या कायद्यानुसार जेथे नवी पद्धत आली, तेथे तुकड्याच्या कडेने ठरावीक अंतरावर, बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, आकडे टाकले जातात आणि घराचे दार ज्या टप्प्यात उघडते तो त्याचा क्रमांक होतो. त्यामुळे शेजारच्या दोन घरांचा क्रमांक एकच असू शकतो, आणि अशा वेळी दारावरची आडनावाची पाटीच कामी येते. जेथे हा कायदा लागू केलेला नाही, तेथे मेइजी काळातील जमीन महसुलाच्या व्यवस्थेतून आलेले भूखंड क्रमांक चालतात. आपल्या सर्व्हे नंबरांसारखेच त्यांचे पोटहिस्से पडत गेल्याने क्रमाचा भरवसा उरत नाही.

क्योटो मात्र निराळे आहे. तेथील महापालिकेच्या पत्त्यात 'तेरामाची रस्ता, ओइकेहून वर' असे येते. 'वर' (आगारु) म्हणजे उत्तरेला आणि 'खाली' (सागारु) म्हणजे दक्षिणेला. आपल्या 'देवळामागे'ला सर्वांत जवळचा जपानी पत्ता हाच म्हणावा लागेल.

कोबेकर: सप्तपर्णीताई, पिनकोड काळजीपूर्वक लिहा. १९९८ पासून तो सात अंकी झाल्यामुळे बहुतेक ठिकाणी थेट वस्तीपर्यंत पोहोचवतो. पुढचे काम ते तीन आकडे आणि खोलीचा क्रमांक करतात. मोठ्या इमारतीत खोलीचा क्रमांक राहून गेला, तर फराळ परत रत्नागिरीला येण्याची शक्यता अधिक.

सप्तपर्णी: रत्नागिरी नव्हे, सांगली! पण खोलीचा क्रमांक ठळक लिहीन.