मदत हवी आहे: रेडिएशननंतर यजमानांच्या घशाखाली काही उतरत नाही

सुदामानगर, इंदूर
यजमानांचे रेडिएशन संपून आज २४ दिवस झाले, तरी त्यांचे जेवण काही मार्गी लागत नाही. वरण मी दोनदा मिक्सरमधून काढून गाळून घेते, पेज तर पाण्यासारखी करते, तरीही एक वाटी संपायला तास लागतो आणि मग ते वाटी बाजूला सारून भिंतीकडे तोंड करून बसतात. वजन ७१ वरून ६२ किलोवर आले आहे. सहज उतरतील आणि अंगी लागतील असे आणखी पातळ पदार्थ कृपया लवकर सुचवावेत. धीर धरा असे सांगणारे नातलग घरात पुष्कळ आहेत, त्यामुळे येथे केवळ पाककृती हव्या आहेत.

मांडवीजवळ, वडोदरा
ताई, सासऱ्यांच्या केमोच्या वेळी मुगाचे कढण, नाचणीचे सत्त्व आणि राजगिऱ्याची खीर यांवर आम्ही दोन महिने काढले. प्रत्येक वाटीत चमचाभर साजूक तूप घालावे. शिवाय सकाळी गुळवेलीचा काढा अवश्य द्यावा, त्याने सासऱ्यांची ताकद लवकर भरून आली.

लष्कर, ग्वाल्हेर
काढ्याचा सल्ला इतक्या सहज देऊ नये अशी माझी विनंती आहे. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. ताई, रेडिएशन तोंडाला दिले, घशाला की अन्ननलिकेला? आधी शस्त्रक्रिया झाली होती का, आणि अन्न देण्यासाठी नाकातून नळी आहे का? हे कळल्याशिवाय पदार्थ सुचवणे म्हणजे अंधारात वाढणे आहे.

मांडवीजवळ, वडोदरा
त्या निष्कर्षाला आयुष मंत्रालयाने हरकत घेतली होती, तेही सांगावे.

लष्कर, ग्वाल्हेर
हरकत घेतली होती, हे खरे आहे. परंतु उपचार चालू असलेल्या माणसाला काय द्यावे हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, मंत्रालयाला किंवा मला विचारून नव्हे.

निवृत्त तिकीट तपासनीस
मुंबईला टाटामध्ये दाखवायचे ठरले तर अवंतिका एक्सप्रेस सोयीची आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर व थ्री एसीमध्ये पूर्ण आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी ठरावीक नमुन्यातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते.

सुदामानगर, इंदूर
काका, आपला हेतू चांगला आहे, पण मी तिकिटाचे विचारलेच नव्हते. बाकीच्यांसाठी सांगते. जिभेच्या डाव्या कडेचा कर्करोग होता. साडेतीन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर सहा आठवड्यांत ३० वेळा रेडिएशन आणि सोबत आठवड्याला एक केमो. नाकातली नळी गेल्या आठवड्यात त्यांनीच हट्ट करून काढून घेतली. तोंड पूर्वी तीन बोटे उघडत असे, आता जेमतेम दीड. पाणी पिताना ठसका लागतो, पण तो कोणालाही लागतो. आता तरी पदार्थ सांगाल का?

लष्कर, ग्वाल्हेर
ताई, पाण्याने ठसका लागण्याची जी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली, तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माझ्या पत्नीला गालाचा कर्करोग होता आणि मीही तुमच्यासारखाच रोज आणखी पातळ, आणखी पातळ करत गेलो. पातळ पदार्थ तोंडातून फार वेगाने घसरतो. शस्त्रक्रिया झालेली जीभ आणि रेडिएशनने आखडलेला घसा यांना तो आवरत नाही, आणि त्यातला काही भाग श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. ठसका येत नसला तरीही हे घडू शकते. उद्याच डॉक्टरांना सांगून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. बेरियम मिसळलेला घास देऊन हलत्या क्ष-किरण चित्रात तो कोठे जातो ते पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहतात. तोपर्यंत पाणी जबरदस्तीने पाजू नये, आणि ताप आला किंवा जेवल्यावर आवाज ओला घरघरीत झाला तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

मांडवीजवळ, वडोदरा
घट्ट दिले तर कोरड्या तोंडात चिकटून बसेल. रेडिएशनने लाळच आटते, हे तुम्ही विसरलात.

लष्कर, ग्वाल्हेर
आपले म्हणणे योग्य आहे, मी नीट लिहिले नाही. मला कोरडा गोळा अभिप्रेत नव्हता. चमच्यावरून चटकन ओघळणार नाही, पण जिभेवर सरकेल, असे गुठळी नसलेले दही किंवा मऊ श्रीखंड डोळ्यांपुढे आणावे. नेमका दाटपणा मात्र तपासणीनंतरच ठरेल.

चिमणबागेतला
नळी पुन्हा लावू देऊ नका. नळी लागली की माणूस गिळणे विसरतो, हे मी काकांच्या बाबतीत पाहिले आहे.

लष्कर, ग्वाल्हेर
नऊ किलो वजन उतरलेल्या माणसाच्या बाबतीत असे परभारे ठरवू नये. गिळणे सुटते ते सराव बंद केल्याने. पोटाला नळीतून मिळत असतानाही, डॉक्टरांनी परवानगी दिली तर, थोडे गिळत राहता येते. तोंड उघडण्याचा व्यायामही गिळण्याच्या थेरपिस्टकडून शिकून घ्यावा. आमच्याकडे आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दातांत धरून एकेक काडी वाढवत असू. आणि दात कितीही दुखला तरी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो काढू नये, कारण जबड्याचे हाड भरून येत नाही असे प्रसंग घडतात.

सुदामानगर, इंदूर
सहा दिवसांनी लिहीत आहे. तपासणीत पाणी श्वासनलिकेकडे जाताना दिसले, घट्ट दही मात्र नीट उतरले. मी दोन महिने चाळणी घेऊन जे करत होते, ते नेमके उलटे होते. नळी पुन्हा बसवली आहे. मी समजूत घालायला शब्द जुळवत होते, तोच त्यांनी स्वतः मान हलवली. दर दोन तासांनी २०० मिली, बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवे व्हायचे नाही, एवढे वेळापत्रक मुलाने भिंतीवर लावले आहे. तोंडाने दिवसातून तीनदा दह्याचे पाच-पाच चमचे चालतात. काड्या आज १२ बसल्या, तेरावी बसली नाही.

त्यांना वास सहन होत नसेल असे समजून मी इतके दिवस स्वयंपाकघराचे दार लावून फोडणी देत होते. काल त्यांनी पाटीवर लिहिले की दार उघडे ठेव, आणि त्याखाली, पोहे. पोहे भिजवून दह्यात बारीक वाटले तर चालतील का?

लष्कर, ग्वाल्हेर
वाटलेले पोहे खळीसारखे चिकट होतात, त्यामुळे मी हो म्हणणार नाही. थेरपिस्टना विचारावे, आणि वाटी त्यांच्यासमोरच करून न्यावी.