सोळाव्या वर्षी देवाची गाणी गायली, म्हणून जन्मभर तीच गायची का?

नगरची लेक

सर्वांना सलाम. 'जुनी पेटी' यांनी काल इथे चर्चच्या तरुण संघातल्या मुलींसाठी लिहिलं होतं की अमेरिकन गायिका ॲमी ग्रँटकडे बघा. कोवळ्या वयात प्रभूची गाणी गाऊन नाव मिळवलं, नाव झाल्यावर जगाची गाणी गायली, शेवटी संसारही मोडला. आपल्या लेकींना ही ताकीद आहे म्हणे. ते वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

ती मुलगी किती वर्षांची होती हे आधी बघा. जन्म १९६० चा, वाढली अमेरिकेत टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये. आईवडिलांना ऐकवायला म्हणून मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाच्या पुढाऱ्याबरोबर तिने काही गाणी टेपवर भरली. तो त्या टेपची प्रत काढत होता, तेव्हा स्टुडिओच्या मालकाने ती ऐकली आणि वर्ड या ख्रिस्ती कंपनीला थेट फोनवरून ऐकवली. सोळावा वाढदिवस पाच आठवड्यांवर असताना तिच्यापुढे करार आला. पहिला अल्बम १९७७ चा, तेव्हा पोरीची शाळाही संपली नव्हती. १९८२ मध्ये 'एज टू एज' आला, त्यातलं 'एल शद्दाय' हे भक्तिगीत आपल्याकडेही कित्येकांनी गिटारवर गायलंय. एकट्याने गाणाऱ्या ख्रिस्ती गायकाच्या अल्बमला भरघोस विक्रीचा 'गोल्ड' मान मिळाला तो त्याच अल्बमपासून. तेव्हा ती जेमतेम एकवीस-बावीसची.

मग १९९१. 'बेबी बेबी' अमेरिकेच्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं आणि चर्चवाल्यांचा एक मोठा गट तिच्यावर तुटून पडला. का, तर प्रेमगीत गायली. ते गाणं तिला सुचलं कशावरून? सहा आठवड्यांच्या स्वतःच्या लेकीच्या तोंडाकडे बघून. बाळंतपणातून नुकत्याच उठलेल्या बाईने लेकराचं कौतुक गायलं, यात देवाला सोडलं कुठे?

आता माझं सांगते. चौदाव्या वर्षापासून आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी एकटीने गायचे. एकदा मामेभावाच्या लग्नात ऑर्केस्ट्रावाल्यांनी आग्रह केला, म्हणून सिनेमाचं एक गाणं गायले. एकच. पुढच्या रविवारी पांढरी ओढणी नीट करून, उपासना संगीताच्या पुस्तकात बोट घालून माइकपाशी उभी राहिले, तर पाळकीणबाई, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या पत्नी, जवळ आल्या. "आजारी आहेस का?" म्हणाल्या. मी नाही म्हटलं. "मग बैस," म्हणाल्या. बसले ती आजतागायत बसलेय. दोन कडवी पाठ होती, ती तोंडातच राहिली. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत माझ्याबद्दल काय ठरलं हे मला कोणीच सांगितलं नाही.

म्हणून म्हणते, ताकीद द्यायचीच असेल तर मुलींना देऊ नका. पंधरा वर्षांच्या पोरीचा आवाज आपल्या मालकीचा समजणाऱ्यांना द्या.

जुनी पेटी

ताई, तुमच्याबाबत जे झालं ते वाईट झालं. पण त्याची चूड माझ्या अंगणात टाकू नका. मी मुलींना गाऊ नका असं लिहिलेलं नाही.

गाणं लेकरासाठी होतं हे मान्य. मग पडद्यावर लेकरू दाखवायचं होतं! त्या व्हिडिओत ती एका देखण्या परक्या पुरुषाबरोबर हसतेय, खेळतेय. घरी नवरा असलेली, तीन लेकरांच्या वाटेवरची बाई. बघणाऱ्याला पाळणा दिसला की प्रियकर? आणि हे एका दिवसात झालं नाही. १९८५ चा 'अनगार्डेड' आठवा, बिबट्याच्या ठिपक्यांचं जाकीट घालून मुखपृष्ठावर. त्याच सुमारास ए अँड एम ही बाजारातली बडी कंपनी तिच्या गाण्यांच्या विक्रीत आली. १९८६ मध्ये पीटर सेटेरा या गायकाबरोबरचं युगुलगीत यादीत पहिलं. म्हणजे 'बेबी बेबी'च्या पाच वर्षं आधीच वाट ठरलेली होती. देवाची आणि धनाची चाकरी एकत्र होत नाही, हे मी सांगत नाही, प्रभूने सांगितलंय.

१९९९ मध्ये घटस्फोट, २००० मध्ये व्हिन्स गिल या गायकाशी दुसरं लग्न. मी कोणाच्या घरात डोकावत नाही, पण जिची गाणी लाखो घरांत प्रार्थनेसारखी वाजतात तिला जास्तीचा हिशोब द्यावाच लागतो.

आणि या वाटेचं फळ आज आपल्या पदरात आलंय. आमच्या देवळातला पायाने भाता मारायचा ऑर्गन गेल्या पावसाळ्यात भंगारात दिला. छत्तीस वर्षं वाजवला मी तो. आता उपासनेला ऑक्टोपॅड, कीबोर्डवर तयार ठेके आणि रंगीत दिवे. तरुण पोरांना वाटतं हाच आत्मा.

टेनेसीकर

मी या नॅशव्हिलच्या भागात एकोणीस वर्षं राहतोय, म्हणून दोन शब्द.

ॲमी ग्रँट ज्या 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट'मध्ये वाढली, त्यांच्यात उपासनेला वाद्यच चालत नाही. पियानो नाही, ऑर्गन नाही, फक्त गळा. नव्या करारात वाद्याची आज्ञा नाही, म्हणून नाही. तिचे पणजोबा त्या मंडळ्यांचे मोठे आधारस्तंभ, विमा कंपनीचे संस्थापक. पेटीकाका, त्या मंडळींपुढे तुमचा ऑर्गनही जगाचाच ठरेल. रेघ कुठे मारायची, ते सांगा.

आणि इथलं रायमन सभागृह. १८९२ मध्ये ते बांधलं सुवार्ताप्रसारासाठी. एका आगबोटमालकाला प्रवचन ऐकून पालट झाला, त्याने पुढाकार घेतला. पुढे १९४३ पासून १९७४ पर्यंत 'ग्रँड ओल ऑप्री' हा कंट्री या अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या संगीताचा कार्यक्रम तिथे चालला. त्याच सभागृहात नाताळात ॲमी आणि व्हिन्स गिल गातात. बायकोबरोबर एकदा गेलो होतो. बसायला अजून चर्चची लाकडी बाकं, पाठ दुखते. शेजारी सत्तरीच्या आजीबाई होत्या. मधेच एक भक्तिगीत सुरू झालं, तसा आजीबाईंनी माझ्या बायकोचा हात धरला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही. आधीची दोन गाणी साधी प्रेमाची होती. ती ऐकून त्यांची भक्ती कमी झाली असं मला काही दिसलं नाही.

डग्गा

ऑर्गनसाठी रडणाऱ्यांना माझा एकच प्रश्न. ऑर्गन आला तेव्हा काय बाहेर गेलं?

माझे वडील आमच्या मंडळीत तबला वाजवायचे. शनिवारी रात्री हातोडीने गठ्ठे ठोकून सूर लावायचे, हाताला पावडर लावून बसायचे. भजनाच्या उपासनेला बाहेरचे लोक दाराशी येऊन ऐकायचे. मग नवे पाळकसाहेब आले. तबला म्हणजे देवळातला तमाशा वाटतो म्हणाले आणि ऑर्गन आणवला. तबला-डग्गा कोठीत गेला, नाताळच्या गोठ्याच्या पेंढ्याखाली. सात वर्षांनी काढला तेव्हा शाईला भेगा, डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, उंदरांनी कुरतडलेली. वडील काही बोलले नाहीत. फडक्याने पुसून पुन्हा तिथेच ठेवला.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. ती काय भात्याच्या ऑर्गनवर चार सुरांत म्हणायला? आपल्या भाषेतलं गाणं आपल्या ठेक्यात म्हणू न देणाऱ्यांनी आता ऑक्टोपॅडविरुद्ध बोलू नये.

जुनी पेटी

मी कोणाचा तबला कोठीत टाकलेला नाही! तुमच्या पाळकांचा राग माझ्यावर का काढता? ऑर्गनवर मी टिळकांची पदंच वाजवली, आणि चालीत वाजवली. न ऐकता बोलू नका. छत्तीस वर्षांत एक दमडी घेतली नाही. सायकलवरून साडेतीन मैल जायचो, पावसात पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून.

डग्गा

दमडी माझ्या वडिलांनीही घेतली नाही. फरक एवढाच की तुम्हाला छत्तीस वर्षं वाजवू दिलं.

वसईचा वारा

वादात कॅथलिक माणसानेही थोडं पडावं. १९०३ मध्ये दहावे पायस पोप यांनी चर्चमध्ये पियानोला मनाई केली होती, ढोल-झांजांनाही.  मग कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, आला, आणि आज आमच्याकडे मराठी मिस्साला पेटी-तबला वाजतो, कोणाला वावगं वाटत नाही. माझ्या आजीला मात्र शेवटपर्यंत लॅटिनच गोड वाटायचं. "समजत नसे, पण अंगावर काटा येई," म्हणायची. म्हणून पेटीकाकांचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण ते दुःख सवयीचं आहे, त्याला श्रद्धेचा कायदा करू नका.

शब्बाथशाळा

विषय गायिकेचा होता आणि आपण वाद्यांत अडकलो. मी बावीस वर्षं मुलांना शिकवतेय. दोन्ही बाजूंचं थोडं पटतं, आणि दोन्ही बाजूंवर राग आहे.

लेकताई, प्रेमगीत पाप नाही याला पुरावा लागत नाही, पवित्र शास्त्रात गीतरत्न हे प्रेमकाव्यच आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीशी करार करणारी कंपनीही ख्रिस्तीच होती. तिला बाजारात उभं करणारे आधी आपलेच लोक. पुढे तिला बाजारू म्हणणारेही आपलेच. हे तुमच्या लेखात यायला हवं होतं.

काका, 'हिशोब' हा शब्द मला टोचला. व्हिन्स गिलचं आधीचं लग्नही मोडलेलं होतं, त्याचा हिशोब तुम्ही एका ओळीतही मागितला नाही.

जुनी पेटी

गिल आमच्या देवळात वाजत नव्हता. त्याने स्वतःला प्रभूचा गायक म्हणवलं नाही, म्हणून मागितला नाही. त्यात बाई-पुरुष काही नाही.

नगरची लेक

काका, असं कसं काही नाही? तिलाही 'प्रभूची गायिका' हे बिरुद लोकांनी लावलं, तेही सोळाव्या वर्षी. आणि तिने प्रभूला सोडलंय कुठे? भक्तिगीतांचे अल्बम तिने पुढेही काढले. २०२२ मध्ये तिला केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. ज्याला आपण ख्रिस्ती पॉप म्हणतो त्यातून तो मिळवणारी ती पहिली. रस्ता चुकलेल्या बाईची ही गोष्ट वाटते तुम्हाला?

टिळकांचा विषय निघालाच आहे तर, त्यांना आपण फुलांमुलांचा कवी म्हणतो. शाळेत आपण सगळ्यांनी जखमी पक्षिणीची त्यांची कविता घोकलीय. त्या कवितेत येशूचं नाव नाही. टिळकांनी पक्षिणीवर लिहिलं तर ते आपलं भूषण, हिने लेकीवर गायलं तर ते पतन. हे मला कोणीतरी समजावून सांगा.

जुनी पेटी

टिळकांशी तुलना नको. त्या माणसाने सगळं सोडलं होतं, घरदार तुटलं होतं. स्मृतिचित्रे वाचलंय मी तीनदा. त्यांनी पक्षिणीचा व्हिडिओ काढून पन्नास लाख प्रती विकल्या नाहीत.

पण कवितेचा मुद्दा... बरं. कवितेचा मुद्दा खोडता येत नाही. रात्री पाठ म्हणून पाहिली. तीही प्रार्थनाच आहे, एवढं म्हणेन. लेकरावरचं गाणं पाप नव्हतं, हेही लिहून देतो. व्हिडिओ चुकीचा होता यावर मी ठाम आहे. घटस्फोटाबद्दलही माझं मत बदललेलं नाही, बदलणारही नाही.

एक गोष्ट मात्र खरी. मीही नऊ वर्षं पंच होतो. अशाच एका मुलीला आम्ही बसवलं होतं. कारण सिनेमाचं गाणं नव्हतं, दुसरं होतं, ते इथे सांगत नाही. तेव्हा बरोबर वाटलं होतं. आजही निम्मं बरोबर वाटतं. पण तिला कोणी काही सांगितलं नाही, हे तुमचं वाचल्यावर आठवलं. सांगायचं काम माझ्याकडे होतं.

नगरची लेक

निम्म्यावर माझं समाधान नाही, काका. पण त्या मुलीचा पत्ता असेल तर अजूनही सांगता येईल.

टेनेसीकर

मी आधीच्या लेखात आजीबाईंचं लिहिलं, त्यात एक राहिलं. ते भक्तिगीत कोणतंही वाद्य न वाजवता म्हटलं होतं. सगळे दिवे चालू, माइकपासून दोघंही मागे सरकलेले, आणि बाकांवरचे लोक चार आवाजांत. त्या जुन्या बिनवाद्याच्या मंडळीतलं तेवढं तिने जपलंय असं वाटलं.

जुनी पेटी

हे आधी लिहायचं.

डग्गा यांना : तबला अजून कोठीत असेल तर खोडाला तडा गेलाय का बघा. लाकूड शाबूत असेल तर फक्त पुडी बदलावी लागेल. तोंडाचं माप काठापासून काठापर्यंत सुतळीने घ्या, फूटपट्टीने चुकतं. पुण्यात पुडी भरून देणारे एक माझ्या ओळखीचे आहेत. डग्गा पितळी आहे की मातीचा?

डग्गा

तांब्याचा. रविवारी माप घेतो.