‘थकवा म्हणजे बहाणा’ म्हणणाऱ्यांना

वणीकरीण: काल इथे एका भाऊंनी लिहिलं, “पहाटे चारला उठा, मोबाईल फेका, बॅकलॉग (नापास होऊन राहिलेले विषय) लागणारच नाही. थकवा-बिकवा बहाणा आहे.” काहून असं बोलता? सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की कापसाची वेचणी सुरू, आणि हिवाळी परीक्षा त्यातच. दिवसभर कापूस वेचलेल्या पोरीला चारला उठवलं तर झोप होते जेमतेम पाच तास. वाचलेलं टिकत नाही, म्हणून ती आणखी जागते, आणखी विसरते. आधी सात तास झोप. दोन आठवडे झोप, भूक, लक्ष तिन्ही बिघडलेलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

झाडीपट्टीवाला: ताई, झोपून पेपर निघत नाही. मागच्या पाच वर्षांचे पेपर घ्या, युनिटनुसार प्रश्न मांडा, पुन्हा पुन्हा आलेले आधी करा आणि वेळ लावून लिहून पाहा. नुसतं वाचलेलं परीक्षेत हाताशी येत नाही. 80 गुणांचा पेपर आणि 20 अंतर्गत असतील तिथे ते 20 गुण सोडणं म्हणजे गुन्हा. चार विषय राहिले असतील तर ज्यांचा पाया पुढच्या सेमिस्टरला लागतो ते दोन आधी धरा.

पुसद आगार: अंतर्गत गुण हजेरीवर, हजेरी एसटीवर! विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत आहे, पण सकाळची फेरीच रद्द झाली तर पहिला तास बुडतो. रोज बुडतो.

झाडीपट्टीवाला: झालं, एसटीचं रडगाणं सुरू.

पुसद आगार: रडगाणं नाही! प्राचार्यांच्या सहीचं वेळापत्रक, पासधारकांची यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडून आगार व्यवस्थापकाकडे अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. रद्द फेऱ्यांच्या तारखा लिहून ठेवा, हजेरी कमी पडली की त्या तारखा कॉलेजला दाखवा.

वणीकरीण: सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध पोरांसाठी स्वाधार ही मदतीची योजना आहे, आदिवासी पोरांना स्वयम्. पैसा अडतो तो आधार सीडिंगवर, म्हणजे बँक खातं आधारला जोडण्यावर. रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, अन् पोरं भलतंच पासबुक तपासत बसतात. बँकेत जाऊन कोणतं खातं जोडलंय ते विचारा. खोलीभाड्याची चिंताही झोप खाते, भाऊ.

झाडीपट्टीवाला: बरं, वेचणीच्या दिवसांत चारचा हट्ट नको. एवढंच मान्य. पेपर सोडवण्याला मात्र पर्याय नाही.

पुसद आगार: कोणी नाही म्हटलं? पण परीक्षेच्या दिवशी आदल्या फेरीनं निघा. शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.