सासूबाईंचं उजव्या बाजूचं सायनस ११ दिवस झाले उतरत नाही, घरी काय करावं?

नमस्कार मंडळी. आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. सासूबाईंसाठी मदत हवी आहे. वय ५८, शुगर आहे, गोळी रोज चालू.

सोयाबीन हडंब्यातून (मळणीयंत्रातून) काढलं त्या धुळीनं घरात सगळ्यांनाच सर्दी झाली. बाकीचे चार-पाच दिवसांत बरे झाले. आईंना आज ११ दिवस झाले. कापूस वेचायला वाकल्या की उजव्या डोळ्याखाली ठणका लागतो, म्हणून परवापासून त्या पराटीत गुडघे टेकून वेचतात. घरी राहा म्हणून चारदा सांगितलं, पण वेचणीला बाया मिळत नाहीत आणि आभाळ भरून येतंय.

रोज रात्री निरगुडीचा पाला टाकून वाफ देते. अर्धा तास बरं वाटतं, मग पुन्हा तसंच. ओवा तव्यावर भाजून पुरचुंडी हुंगायला देते. सुंठ उगाळून लेप लावला तर कातडी लाल झाली, तो बंद केला. मेडिकलमधले नाकाचे थेंब पाच दिवस टाकले. त्याहून जास्त टाकले तर नाक उलट जास्त चोंदतं असं कळलं, म्हणून तेही थांबवले.

आता खरी अडचण. शेजारच्या काकू म्हणतात, "देवडांगरीचं पाणी नाकात टाकून पाय वं, सगळी घाण निंगते." देवडांगरी म्हणजे एक कडू रानफळ. आमच्याकडे कावीळ झाली की असंच करतात. नाकातून पिवळं पाणी वाहतं आणि लोकांना वाटतं रोग निघाला. मला हे पटत नाही. नाकाच्या आतली कातडी जळते म्हणूनच एवढं वाहतं. पण आई तयार झाल्यात, आणि काकूंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत हातचं सोडून केलंय. दोघींना न दुखवता कसं थांबवू?

त्याऐवजी मिठाच्या पाण्यानं नाक धुवावं म्हणते. २४० मिली पाण्यात अर्धा चहाचा चमचा सैंधव आणि चिमूटभर खायचा सोडा, एवढं माहीत आहे. पाणी बोअरचं असो की कॅनचं, खळखळ उकळून कोमट केल्याशिवाय नाकात घालायचं नाही हेही पक्कं आहे. केरळात २०२४ मध्ये मेंदूत शिरणाऱ्या अमिबानं माणसं दगावली. तो पाणी पिऊन शिरत नाही, नाकातून शिरतो. माझा प्रश्न असा की नाक पूर्ण चोंदलेलं असताना धुतलं तर चालतं का? पाणी कानात जाऊन दडा बसतो का? कुणी घरच्या म्हाताऱ्या माणसाला केलं असेल तर सांगा.

अजून एक. काल वेणी घालून देताना त्यांच्या तोंडाला कुजका वास आला. विचारलं तर म्हणाल्या, वरची उजवी दाढ महिनाभर ठणकते आहे, लवंग धरून दिवस काढले. वरच्या दाढांची मुळं गालातल्या सायनसच्या अगदी लगत असतात. मग सगळं एकाच बाजूला आहे ते दाढेमुळेच तर नसेल?

भर, दुसऱ्या दिवशी:
सगळ्यांना उत्तर देते. डोळा सुजलेला नाही, एकाचे दोन दिसत नाहीत, मान आखडलेली नाही. तोंडात वर टाळूला काळा डाग आहे का तेही टॉर्च लावून पाहिलं, नाही. २०२१ मध्ये शुगरवाल्या लोकांना काळ्या बुरशीनं कसं गाठलं ते इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलंय, त्यामुळे ज्यांनी हे तपासायला लावलं त्यांचे मनापासून आभार. ताप काल रात्री १०० होता. उपाशीपोटी शुगर १९०, एरवी १३०च्या आत असते.

१० दिवसांच्या वर गेलं, त्यात शुगर चढलेली, तेव्हा आता काढ्यावर थांबायचं नाही हे तुमचं म्हणणं पटलं. उद्या सकाळच्या एसटीनं यवतमाळला नेते. काकूंनाच सोबत घेतलंय, त्यामुळे देवडांगरीचा विषय आपोआप मागे पडला.

एवढंच सांगा, आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊ की कान-नाक-घशाच्या? दोन्हीकडे एका दिवसात होणार नाही, परतीची शेवटची गाडी लवकर आहे.