मदत हवी आहे: प्रेक्षकांतून माकडाचा आवाज आला तर काय करायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. मुलगा 14 वर्षांखालच्या टीममध्ये फुटबॉल खेळतो. गेल्या रविवारी त्याचा कृष्णवर्णीय मित्र थ्रो-इन घ्यायला आला आणि पलीकडच्या पालकांतून कुणीतरी माकडासारखा आवाज काढला. पोरगं बॉल हातात धरून क्षणभर तसंच उभं राहिलं. मग खेळायला लागलं. आम्ही सगळे गप्प. मीसुद्धा, त्याचीच लाज वाटतेय.

आता पालकांत दोन तट पडलेत. काही म्हणतात, जानेवारी 2024 मध्ये इटलीत उदिनेला असेच आवाज आले तेव्हा मिलानचा कृष्णवर्णीय गोलकीपर मेन्यां मैदान सोडून गेला, त्याची टीम त्याच्या मागे गेली, तसंच करायचं. बाकीच्यांचं म्हणणं, खेळून उत्तर द्या. मला हे पटत नाही. 2023 मध्ये स्पेनमध्ये वालेन्सियात रियाल माद्रिदच्या कृष्णवर्णीय व्हिनिसियसने वर्णद्वेषी शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकाकडे बोट दाखवलं. पुढच्या वर्षी त्या प्रकरणात तिघा प्रेक्षकांना 8 महिन्यांची शिक्षा झाली.

त्या मुलाच्या आईला फोन केला, तर म्हणाली, "दर वेळी धीर आमच्याच मुलानं का दाखवायचा?"

कुणाला अनुभव आहे का? आम्ही थेट रेफरीला सांगायचं की कोचमार्फत? 'किक इट आउट'कडे (फुटबॉलमधल्या भेदभावाविरुद्ध काम करणारी इथली संस्था) तक्रार केली तर मुलाला पुन्हा सगळं सांगावं लागतं का? रविवारी परत त्याच टीमशी मॅच आहे.